एक जूनला जन्मलेली माणसं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या ऑफिसातला शेखर म्हणतो, आणि तो काही खोटं बोलत नाही. त्या मंगळवारी तर घरातून निघतानाच माझं डोकं तापलेलं होतं. पेठ रोडवरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आम्ही नवीन सिस्टिम बसवली होती, ती दाखवायला मी निघाले होते. आणि तिथल्या रेकॉर्ड रूमच्या रावजींनी आदल्या संध्याकाळी मला तिसऱ्यांदा फोन केला होता.

"मॅडम, तारखेवर नका जाऊ. मी काय म्हणतो ते एकदा ऐकून घ्या."

"काका, तुम्ही कागद सांभाळा, डेटाबेस मी सांभाळते," असं म्हणून मी फोन ठेवला होता.

रावजी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे, अंगाने सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. तीस वर्षं ते त्याच खिडकीमागे बसून पेशंटचे केसपेपर काढून देत आले होते. माणूस सज्जन, पण एक गोष्ट सांगायला लागला की त्याला सुरुवात सापडायची नाही. मला तेवढा धीर नाही.

माझं काम सोप्या शब्दांत सांगते. दवाखान्याकडे चौदा लाख पेशंटच्या नोंदी होत्या. जुन्या सिस्टिमवर एक नाव शोधायला कधी कधी मिनिटभर लागायचं आणि खिडकीसमोरची रांग पार गेटापर्यंत जायची. त्यावर उपाय म्हणजे इंडेक्स. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता विषय कोणत्या पानावर ते दिलेलं असतं ना, तसंच. फक्त त्याचे प्रकार अनेक, आणि कोणता प्रकार कुठे वेगवान पडतो हे मोजून पाहावं लागतं. ते मोजणं माझ्याकडे होतं.

मी दोन प्रकार घेतले होते. पहिला हॅश. तो देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडसारखा चालतो. टोकन दाखवलं की माणूस सरळ त्या खणाकडे जातो, इकडेतिकडे बघत नाही. दुसरा बी-ट्री. तो शब्दकोशासारखा, निम्म्यावर उघडा, पुढे की मागे ते ठरवा, पुन्हा निम्म्यावर उघडा, असं करत वीसेक उड्यांत नेमक्या पानावर. आणि तुलनेसाठी तिसरी पद्धत, इंडेक्सच नाही. पहिल्या नोंदीपासून चौदा लाखाव्या नोंदीपर्यंत एकेक वाचत जायचं. माझ्या तक्त्यात ती सगळ्यात खाली, लाल रंगात होती. शेखरने तिच्यापुढे गोगलगायीचं चित्र टाकलं होतं.

इंडेक्स कशावर लावायचा, हा खरा प्रश्न होता. नावावर लावला तर बाई लग्न होऊन गेली की नाव बदलतं, आडनाव बदलतं. मोबाईल नंबर सहा महिन्यांत बदलतो. गावही बदलतं, लोक द्राक्षाच्या कामाला इकडे येतात आणि इथलाच पत्ता देतात. मी बराच विचार केला आणि जन्मतारीख निवडली. ती माणसाला एकदाच मिळते आणि मरेपर्यंत बदलत नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत टाकलं होतं.

चाचणीच्या वेळी दवाखान्याचा खरा डेटा हातात नव्हता, तो बाहेर न्यायची परवानगी अडकली होती. म्हणून मी चौदा लाख खोटे पेशंट बनवले आणि कॉम्प्युटरला त्यांच्या जन्मतारखा मनाला येईल तशा वाटायला सांगितल्या. ऐंशी वर्षांत विखुरलेल्या तारखा, एका तारखेला सरासरी पन्नासेक माणसं. निकाल झकास आले. हॅश पहिला, बी-ट्री त्याच्या मागे केसभर, गोगलगाय कुठल्या कुठे. रविवारी परवानगी आली, शेखरने खरा डेटा भरला. मी पुन्हा मोजलं नाही. तेही चौदा लाख, हेही चौदा लाख, पुन्हा काय मोजायचं?

अकरा वाजता वरच्या हॉलमध्ये विश्वस्त, डॉक्टर, सिस्टर असे वीसेक लोक बसले होते. रावजी मागे दाराशी उभे होते. मी तक्ता पडद्यावर लावला. गोगलगायीला हशा मिळाला. "ही आपली जुनी पद्धत. येत्या सोमवारी तळघरातला जुना सर्व्हर आपण पुसून टाकणार आहोत," मी म्हणाले. तेवढ्यात दार ढकलून डॉक्टर वेदिका आत आल्या. त्या भूलतज्ज्ञ. अंगावर हिरवे कपडे, टोपी तशीच.

"तुमची सिस्टिम चालू आहे ना?" त्यांनी मला विचारलं. "मग एक पेशंट आत्ता शोधून द्या. डेमो नंतर करा."

त्यांच्या मागे एक माणूस होता. पस्तिशीचा असेल, पायात रबरी चपला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. त्याचं नाव सोमा गावित. पेठ तालुक्यातल्या उंबरपाड्याहून तो बहिणीला जीपमध्ये घालून घेऊन आला होता. बहीण मैना, तिचं अपेंडिक्स फुटलं होतं, पोटभर पू झाला होता आणि रक्तदाब खाली चालला होता. अर्ध्या तासात टेबलवर घ्यावंच लागणार होतं.

"आणि हे सांगतात की हिचं याआधी आपल्याकडेच ऑपरेशन झालंय," वेदिका म्हणाल्या. "तेव्हा एका औषधाने हिचा जीव जाता जाता वाचला. ते औषध पुन्हा द्यायचं नाही असं सांगितलं होतं. कोणतं, ते यांना माहीत नाही."

"डॉक्टरनं कागुद दिला व्हता," सोमा म्हणाला. "घर गळलं त्यात गेला तो. आमाला बाहीर बसवलं व्हतं, दोन दिस तिला बघू दिलं नाय. पर डॉक्टर बोलला व्हता, ह्ये औषिद परत दिलं तं बाई जाईल."

"ऑपरेशनच्या वेळी मी दहा औषधं देते," वेदिका मला म्हणाल्या. "भुलीचं, स्नायू ढिले करायचं, वेदनेचं, अँटिबायोटिक. त्यातलं कुठलं टाळू? अंदाज करता येईल, पण चुकला तर ती टेबलावरच जाईल."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला. याची आता लाज वाटते, पण झाला. याहून चांगला डेमो कुठला मिळणार? मी सोमाच्या हातातून मैनाचं आधार कार्ड घेतलं. जन्मतारीख एक जून एकोणीसशे पंच्याण्णव. ती टाकली आणि बटण दाबलं.

पडद्यावर गोल फिरायला लागलं. एक सेकंद, दोन सेकंद, दहा. माझ्या तक्त्यात हे काम डोळा लवायच्या आत व्हायचं. चाळीस सेकंदांनी यादी आली, आणि वर आकडा आला, नऊ हजार तीनशे सोळा.

मला वाटलं बिघडलं काहीतरी. मी हॅश बंद करून बी-ट्रीवरून शोध लावला. तोच आकडा, नऊ हजार तीनशे सोळा. दोन्ही इंडेक्स अगदी बरोबर चालत होते. ज्या खणात जायला सांगितलं त्याच खणात जात होते, पण त्या खणात नऊ हजार चपला होत्या. मी घाईघाईने दुसरी चौकशी लावली, एकूण किती पेशंटचा जन्म एक जूनचा, कुठल्याही वर्षाचा. उत्तर आलं, पाच लाख बारा हजार.

चौदा लाखांतली पाच लाख माणसं एकाच दिवशी जन्मली होती. आणि भयंकर गोष्ट ही, की मला हे माहीत होतं. माझ्या देवळा गावच्या आजोबांची जन्मतारीख एक जूनच. शाळेत नाव घालताना पोराची तारीख कुणाला सांगता येत नसे, मग गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे, म्हणजे जूनमध्ये वय बरोबर भरायचं. घरात यावरून आम्ही आजोबांना चिडवायचो. अख्ख्या महाराष्ट्राला माहीत असलेली गोष्ट. ती मलाही माहीत होती, आणि कॉम्प्युटरसमोर बसल्यावर एकदाही आठवली नव्हती.

"नावाने बघा!" वेदिका ओरडल्या.

"मैना नाय सापडायची," सोमा म्हणाला. "मैना सासरचं नाव. तवा लगीन नव्हतं झालं. तवा ती झुंबर व्हती. झुंबर गावित."

झुंबर गावित टाकलं. एकशे सत्तर. त्यातल्या एकशे एकतीस जणी एक जूनच्या. वर्षं मात्र वेगवेगळी, कुणाचं ब्याण्णव, कुणाचं चौऱ्याण्णव, कुणाचं सत्त्याण्णव. बरं, दवाखान्यात तेव्हा आधार कार्ड दाखवलं असेल तर वर्ष जुळणार, नाहीतर तेही नाही. उंबरपाडा कुणाच्याच पत्त्यात नव्हता. एकेक केसपेपर उघडून वाचायचा म्हटलं तर दोन तास हवेत. आमच्याकडे जेमतेम पंधरा मिनिटं होती.

"मॅडम." रावजी कधी पुढे आले होते कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे न बघता सोमाला विचारलं, "उंबरपाड्याहून कसं आणलं होतं तिला?"

"डोलीत. रस्ता कुठं व्हता? मी आन् चुलता. नदीपोत डोलीत, मंग टेंपो."

"मग लिहिलं असणार मी," रावजी म्हणाले. "जुन्या सर्व्हरला टिपेचा रकाना आहे बघा, मॅडम. त्यात मी लिहायचो. कुठला पाडा, कुणी आणलं, कशात आणलं. लोकांकडे कागद नसायचे ना, मग पुढच्या वेळी ओळखायचं कसं? मी तेच सांगत होतो फोनवर, तारखेवर जाऊ नका, टिपेवर जा."

टिपेचा रकाना. मी तो नवीन सिस्टिममध्ये घेतलाच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्याच पडद्यावर उघडून बघितला होता, त्यात "विहिरीमागचं घर" आणि "आजी बहिरी आहे, मोठ्याने बोलणे" असलं काहीबाही दिसलं, आणि मी शेखरला सांगितलं होतं, कचरा आहे, सोडून दे. सोमवारी तो सर्व्हर पुसला जाणार होता. आज मंगळवार होता म्हणून तो अजून होता.

मी धावतच तळघरात गेले. मागून रावजी, सोमा आणि वेदिका. जुनी मशीन खरखरत होती. त्या रकान्यावर इंडेक्स नव्हता, कसलाच नव्हता. नेमका शब्द रकान्यात कुठे मधेच असेल, अगोदर काय नंतर काय माहीत नाही. अशा शोधाला हॅश कामाचा नाही आणि बी-ट्रीही नाही. उरली ती लाल रंगातली पद्धत. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत, एकेक.

मी उंबरपाडा, सोमा आणि डोली असे तीन शब्द टाकले आणि बटण दाबलं. मशीन खाली मान घालून वाचायला लागली.

"किती वेळ?" वेदिकांनी विचारलं.

"सहा-सात मिनिटं." त्यांनी घड्याळ बघितलं आणि वर फोन लावून पेशंटला टेबलवर घ्यायला सांगितलं. "मी वर जाते," मला म्हणाल्या, "तोवर औषधं भरून ठेवते. सापडलं की थिएटरच्या फोनवर सांगा. दहा मिनिटांत नाही सांगितलं तर मी थांबणार नाही, मला सुरू करावं लागेल." आणि त्या जिना चढून गेल्या.

सोमा जमिनीवर उकिडवा बसला. मला काहीतरी बोलल्याशिवाय राहवेना, आणि मला बोलता येतं ते रागानेच.

"काका, गुरुजींनी टाकल्या त्या तारखा ठीक आहेत. पण पाच लाख? हे पाड्यांवरचे लोक, यांतले निम्मे शाळेतच गेले नसतील! यांच्या एक जून कुणी टाकल्या?"

"आम्हीच," रावजी म्हणाले.

"तुम्ही?"

"मी, खिडकीवरच्या सगुणाबाई, आणखी दोघं. जुने कागद कॉम्प्युटरात भरले ना तेव्हा. कागदावर नुसतं वय असायचं, वीस, पंचवीस. कॉम्प्युटर तारीख मागायचा. चौकट रिकामी ठेवली की पुढे जाऊच द्यायचा नाही, लाल व्हायचा. मग काय करणार? वयावरून वर्ष काढायचं आणि एक जून टाकायचं. माझी स्वतःची तीच आहे, हाताला सवयीची."

"पण असली चौकट करणारा मूर्ख कोण होता?" मी जवळजवळ किंचाळलेच. "वय घ्यायचं, अंदाजे लिहायचं, रिकामी ठेवू द्यायची! एवढी साधी अक्कल नाही?"

रावजींनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"तुम्हीच होता मॅडम," ते हळूच म्हणाले. "दोन हजार तेरा साली. तुम्ही नवीनच लागल्या होत्या. दोन वेण्या घालून यायच्या, पाण्याची निळी बाटली असायची. मी तुम्हाला म्हटलं होतं, ताई, आमच्या माणसांना तारीख नसते. तुम्ही म्हणालात, काका, तारीख नसलेला माणूस नसतो."

मला आठवलं. निळी बाटली आठवली, ती चौकट आठवली. माझं पहिलं काम होतं ते. रिकामी चौकट म्हणजे घाणेरडा डेटा, असं मला कुणीतरी शिकवलं होतं आणि मी ते मन लावून केलं होतं. पाच लाख खोट्या तारखांमधल्या बऱ्याचशा माझ्या हुकमाने जन्मल्या होत्या, आणि बारा वर्षांनी त्याच तारखांवर भरवसा ठेवून मी इंडेक्स बांधला होता. मी खुर्चीत बसले.

पाच मिनिटं झाली. सहा. सोमा पडद्याकडे बघत होता, त्याला वाचता येत होतं की नाही कुणास ठाऊक. साडेसहा मिनिटांनी एकच ओळ आली.

"झुंबर गावित, उंबरपाडा, विहिरीमागचं घर. भाऊ सोमा व चुलता यांनी डोलीत आणली. भाऊ दोन दिवस जेवला नाही, डबा दिला."

पुढे केसपेपरचा नंबर होता. मी तो नंबर टाकून स्कॅन केलेला कागद उघडला. दुसऱ्या पानावर आडवं, लाल शाईने, तेव्हाच्या डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं. सक्सिनिलकोलीन दिल्यावर श्वास परत येईना, दोन दिवस श्वासाच्या मशीनवर, यापुढे कधीही देऊ नये.

मी थिएटरला फोन लावला आणि नाव सांगितलं. पलीकडे वेदिकांनीच फोन घेतला होता.

"ऐकलंत ना?" मी विचारलं.

"माझ्या हातात तेच आहे," वेदिका म्हणाल्या. "पोटात असं झालेलं असलं की स्नायू ढिले करायला आम्ही तेच देतो. सिरिंज भरून हातात धरलीय. तीन मिनिटांत देणार होते."

मी फोन ठेवला. रावजींना सांगितलं, सोमाला सांगायचं धाडस झालं नाही, रावजींनीच सांगितलं. तो उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. मी जिन्यावर जाऊन रडले. भीतीने रडले, दुसरं काही नाही.

ऑपरेशन दुसऱ्या औषधावर झालं. अडीच वाजता मैना शुद्धीवर आली आणि पहिलं काय बोलली तर पाणी मागितलं. ते द्यायला परवानगी नव्हती, म्हणून सिस्टरवर चिडली. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

चार वाजेपर्यंत मी दोन कामं केली. जुना सर्व्हर पुसायचा हुकूम रद्द केला. आणि जन्मतारखेच्या चौकटीतली ती सक्ती काढून टाकली. प्रोग्रॅममधली एकच ओळ होती. वर माझंच नाव आणि तारीख होती, बारा वर्षं कुणी तिला हात लावला नव्हता.

मग मैनाची नवी नोंद करायला रावजी खिडकीमागे बसले. मी त्यांच्या शेजारी उभी होते, सोमा खिडकीपलीकडे. नाव मैना, माहेरचं नाव झुंबर. पाडा. औषधाचा इशारा लाल अक्षरांत. टीप. मग जन्मतारखेची चौकट आली, आणि रावजींची बोटं आपोआप शून्य, एक, शून्य, सहा दाबायला लागली.

मी त्यांचं मनगट धरलं.

"सोमादादा," मी विचारलं, "तुमची बहीण कधी जन्मली?"

त्याने थोडा विचार केला. "नागली, ती नाचणी, काढायच्या टायमाला," तो म्हणाला. "आय शेतात व्हती. कंचं साल त्ये नाय माहीत ताई. पर थंडी पडली व्हती, मी शेकत बसलो व्हतो."

रावजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी टाकलेले चार आकडे एकेक करून पुसले, चौकट रिकामी ठेवली, आणि जरा भीत भीतच पुढचं बटण दाबलं. लाल काही झालं नाही. नोंद गेली.

"गेली की!" रावजी म्हणाले, आणि टिपेच्या रकान्यात परत जाऊन त्यांनी लिहिलं, नागलीच्या काढणीत जन्म, भाऊ शेकत बसला होता.